अंतरपाट अर्धा निळा, अर्धा केशरी: मिश्र उजेडात व्हाइट बॅलन्स कसा लावता?

तिरपं_ऊन (धागाकर्ती) | रविवार, रात्री ११:१०

मागच्या आठवड्यात मावसभावाचं लग्न झालं. ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण मावशी म्हणाली, "तुझाही कॅमेरा आण गं", आणि मी हौसेने नेला. साडेतीनशे फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितले आणि जेवण गेलं नाही.

आधी कार्यालयातल्या उजेडाची गोष्ट सांगते. बोहलं हॉलच्या एका अंगाला. त्याच्या एका बाजूला उंच खिडक्यांची भिंत, बाहेर ढगाळ आभाळ, मुहूर्त साडेअकराचा. दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि त्यांच्यापुढे व्हिडिओवाल्याचा स्टँडवरचा हॅलोजन, पिवळाधमक. छताला ओळीने पांढऱ्या ट्यूब. आणि हे कमी म्हणून डेकोरेटरने खांबांच्या पायथ्याशी जांभळे एलईडी ठेवलेले.

कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर होता, म्हणजे त्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं यासाठीचा रंगांचा मेळ कॅमेराच स्वतःच्या अंदाजाने लावत होता. लागोपाठच्या तीन फ्रेममध्ये गुरुजींचं धोतर आधी निळसर, मग पिवळट, मग चक्क पोपटी. गुरुजी जागचे हललेले नाहीत!

सगळ्यात वाईट वाटलं ते अंतरपाटाच्या फोटोचं. मी नवऱ्यामुलाच्या मागे, जराशी तिरकी उभी होते. मंगलाष्टकं चालू, दोघांनी दोन टोकं धरलेली, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक, पलीकडे फक्त नवरीच्या मुंडावळ्यांचं टोक दिसतंय. फ्रेम मनासारखी मिळाली होती. पण कपडा खिडकीकडच्या टोकाला निळा, मध्ये वीतभर पांढरा आणि हॅलोजनकडे केशरी.

सुदैवाने रॉ फाइल आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं कच्चं रूप, रंग नंतर बदलता येतात. सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर (टिचकी माराल ती जागा पांढरी धरून हिशोब करणारा) घेऊन त्याच कपड्यावर तीन ठिकाणी टिचकी मारली. एका टोकाला आकडा आला ६४०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तितका उजेड निळा, लहान तितका पिवळा), मध्ये ४५००, दुसऱ्या टोकाला ३३००. कपडा एकच. मग यातला बरोबर कुठला?

लोकल_८_०४ | रविवार, रात्री ११:२६

रॉ आहे ना? मग डोकं कशाला शिणवताय. स्लायडर ओढा, छान दिसेल तिथे थांबा. विषय संपला.

खवचट_काका | रविवार, रात्री ११:४०

गुरुजींना तीन धोतरांची दक्षिणा मिळाली असेल. (हलके घ्या.)

मांडवदारी | सोमवार, सकाळी ७:५५

लोकल, विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. (लग्नाचे फोटो हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.)

व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेरा नक्की काय करतो? लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मापं त्याच्याकडे असतात. हिरव्याला धरून तो लाल आणि निळ्याला प्रत्येकी एका आकड्याने गुणतो. बल्बच्या उजेडात निळं कमी असतं, म्हणून निळ्याला मोठ्या आकड्याने गुणायचं. सावलीत निळं जास्त, म्हणून लाल वाढवायचं. बस्स. हे गुणाकार संपूर्ण फ्रेमला एकच लागतात. ताईंच्या अंतरपाटाला प्रत्येक वीतभर अंतरावर वेगळा गुणाकार हवा आहे. एक स्लायडर तो देणार कुठून? ६४०० लावा, हॅलोजनचं टोक आणखी केशरी होईल. ३३०० लावा, खिडकीचं टोक शाईत बुडवल्यासारखं दिसेल.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तिन्ही आकडे बरोबर आहेत, आपापल्या जागेपुरते. मिश्र उजेडात 'अचूक' व्हाइट बॅलन्स शोधायचा नसतो, कोणासाठी अचूक ते ठरवायचं असतं. मी चेहऱ्यासाठी ठरवतो. नवरीच्या चेहऱ्यावर ज्या दिव्याचा उजेड सगळ्यात जास्त, त्याचा आकडा लावायचा. बाकीचं जग निळं-पिवळं झालं तर होऊ द्यायचं.

पण हे झालं दुखणं आल्यावरचं औषध. खरं काम कॅमेरा हातात घ्यायच्या आधीचं. मी मुहूर्ताच्या तासभर आधी हॉलमध्ये जातो आणि दिव्यांची गोत्रं बघतो. तुमच्या हॉलमध्ये ढगाळ खिडकी, पांढरी ट्यूब आणि फ्लॅश हे जवळपास एका गोत्रातले, साधारण ५५०० ते ६५००. हॅलोजन एकटा परका, ३२०० च्या आसपास. लग्नात सगोत्र चालत नाही म्हणतात, उजेडात सगोत्रच लागतं. अशा वेळी मी व्हिडिओवाल्याकडे चहा घेऊन जातो. त्याच्याकडे एलईडी पॅनल असेल तर बहुतेकांना मागे खटका किंवा चकती असते, ३२०० ते ५६०० पर्यंत फिरते. ती ५६०० वर न्यायला लावायची. जुना हॅलोजनच असेल तर दिवसाच्या मुहूर्ताला तो बंद ठेव म्हणून विनवायचं, खिडक्या पुरेशा असतात.

संध्याकाळचं लग्न असेल तर उलट. खिडकीत उजेड नाही, माळा पिवळ्या, हॅलोजन पिवळा, परकी ठरते ती ट्यूब. कार्यालयाचा वायरमन शोधायचा आणि बोहल्यावरच्या दोन ओळी बंद करून घ्यायच्या. वायरमन नेहमी जेवणाच्या हॉलमागे सापडतो.

सर्किट | सोमवार, सकाळी १०:१५

मांडवदारी यांना अनुमोदन, फक्त एक दुरुस्ती. खिडकी आणि ट्यूब एका गोत्रातले म्हणताय, पण ते केल्विनच्या मापाने. केल्विन फक्त निळं-पिवळं सांगतो. दुसरा एक अक्ष आहे हिरवा-किरमिजी, त्याला सॉफ्टवेअरमध्ये 'टिंट' म्हणतात. ट्यूबमध्ये पारा असतो आणि त्याची एक ठळक रेषा ५४६ नॅनोमीटरवर, म्हणजे हिरव्यात पडते. आकडा ६५०० असला तरी ट्यूबचा उजेड म्हणून हिरवट येतो. धोतर पोपटी झालं ते त्यामुळे. केल्विनचा स्लायडर कितीही ओढला तरी तो पोपटी रंग जाणार नाही, टिंट किरमिजीकडे सरकवावा लागेल.

आता धोतर फ्रेमगणिक का बदललं? एक कारण ऑटो. तुम्ही जरा तिरक्या झालात, फ्रेममध्ये खिडकी जास्त आली, की कॅमेऱ्याने नवीन अंदाज बांधला. दुसरं कारण शटर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते आणि पुन्हा उजळते. मंदावताना तिचा रंगही बदलतो. तुमचं शटर १/५०० सेकंद असेल तर एक फोटो उजळ क्षणाचा, पुढचा मंद क्षणाचा. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पूर्ण लाट आत येते. शटर किती होतं?

तिरपं_ऊन | सोमवार, दुपारी १:२०

१/४००. 🙈 अक्षता हवेत धरायच्या होत्या.

सर्किट | सोमवार, दुपारी १:३२

अक्षतांसाठी ठीक, बाकी वेळी १/१००. काही कॅमेऱ्यांत फ्लिकर टाळायची सोय असते, तुमच्या मेनूत आहे का बघा. ती असेल तर कॅमेरा उजळ क्षणाची वाट बघून शटर सोडतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र अशा हॉलमध्ये नको, फोटोवर आडवे पट्टे येतात.

अंधारखोली | सोमवार, दुपारी ३:४५

मुलांनो, आमच्या वेळी हा स्लायडर नव्हता, रोल होता. रोल एकदा कॅमेऱ्यात घातला की ३६ फोटो होईपर्यंत व्हाइट बॅलन्स ठरलेला. डेलाइट रोल ५५०० चा, टंगस्टन रोल ३२०० चा. डेलाइट रोल घेऊन हॅलोजनखाली उभे राहिलात तर भिंगावर ८०ए नावाची निळी काच लावायची. ती लावली की दोन स्टॉप उजेड गेलाच (म्हणजे पाव हिस्साच उरला) म्हणून समजा. ट्यूबसाठी वेगळी किरमिजी काच, एफएल-डी. खिशात तीन काचा खुळखुळायच्या.

आणि मिश्र उजेड? मिश्र उजेडात आम्ही सरळ फ्लॅश मारायचो, तोंडावर. बाकी सगळं काळोखात गेलं की भांडणच मिटतं. जुन्या अल्बममध्ये मागची माणसं अंधारात का असतात, याचं अर्धं उत्तर तिथे आहे. उरलेलं लॅबवाला निस्तरायचा. चांगला लॅबवाला हीच आमची रॉ फाइल.

अवांतर: २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला होता! माझ्याकडे त्या रस्त्याचे जुने रात्रीचे फोटो आहेत, सगळे शेंदरी. सोडियमच्या दिव्यात निळं जवळजवळ नसतंच, त्यामुळे कुठलीही काच लावा, तो पांढरा होत नाही. आम्हीही नाद केला नाही. तो शेंदरी रंग म्हणजेच रात्रीची मुंबई होती.

पैठणीवाली | सोमवार, रात्री ९:०५

वाचतेय आणि स्वतःचं दुखणं आठवतंय. मी घरून साड्या विकते, फोटो मोबाइलवर काढते. मागच्या दिवाळीत आमसुली म्हणून पाठवलेली साडी "ही तर वांगी रंगाची आहे" म्हणून परत आली. चिंतामणी रंगाचं तर विचारूच नका, फोटोत कधी मोरपंखी, कधी निळी. मी पांढऱ्या भिंतीपुढे, खिडकीशेजारी, वर ट्यूब लावून फोटो काढते. म्हणजे मीही मिश्रच करतेय का? व्हाइट बॅलन्ससाठी मी साडीशेजारी ए-फोर कागद ठेवून त्यावर सेट करते. तरी चुकतं.

सर्किट | सोमवार, रात्री ९:५०

पैठणीवाली, दोन चोर आहेत, पहिला तो कागद.

कागद डोळ्यांना लख्ख पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारं रसायन घालतात. आपण कपड्याला नीळ घालायचो किंवा टिनोपाल घालतो, हेतू तोच. टिनोपालसारखं रसायन अदृश्य अतिनील किरण खातं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. म्हणजे खिडकीशी कागद मुळात निळसर असतो. कॅमेऱ्याला तुम्ही सांगता "हा पांढरा", तो बिचारा निळं कमी करतो, आणि साडी पिवळटते. तोच कागद एलईडीखाली ठेवलात तर तिथे अतिनील जवळजवळ नाही, म्हणून वेगळं उत्तर. फूटपट्टीच उन्हात प्रसरण पावते असं समजा. ताईंच्या अंतरपाटालाही हेच लागू: तो लाँड्रीतून आला असेल तर खिडकीकडच्या टोकाचा निळेपणा थोडा टिनोपालचाही.

म्हणून ग्रे कार्ड वापरतात. राखाडी, १८ टक्के उजेड परत फेकणारं, आणि मुख्य म्हणजे सगळे रंग सारखेच परत फेकणारं. पांढऱ्यापेक्षा राखाडीचा आणखी एक फायदा: कुठलाही चॅनल (लाल, हिरवा, निळा यांतलं एक माप) फुटत नाही. पांढरं जरा जास्त उजळलं की लाल किंवा निळा चॅनल छताला टेकतो आणि माप खोटं पडतं.

दुसरा चोर ट्यूब. ती बंद करा, फक्त खिडकी ठेवा. एवढ्याने निम्म्या साड्या परत यायच्या थांबतील.

पैठणीवाली | सोमवार, रात्री १०:०२

फूटपट्टी प्रसरण पावते 😄 आता कायमचं लक्षात राहील. आमची आई दुकानात साडी पसंत पडली की ती उचलून थेट दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघायची. दुकानदार वैतागायचे. तिला हे सगळं माहीत होतं म्हणायचं.

सर्किट | सोमवार, रात्री १०:२०

अगदी. आणि ती बरोबरच होती, दुकानाच्या दिव्यावर विसंबायचं नसतं. साधा पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा लेप. लेप हलका असेल तर गडद लाल फारच कमी पडतो. खोक्यावर 'सीआरआय ८०' (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा शंभरपैकी आकडा) लिहिलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल हा नववा नमुना, आर-नाइन, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणून ८० वाल्या दिव्याखाली कुंकू विटकरी दिसतं आणि माणसांचे चेहरे आजारी. हा दोष व्हाइट बॅलन्सने सुटत नाही. जो रंग उजेडातच नाही तो गुणून आणणार कुठून?

मांडवदारी | मंगळवार, सकाळी ८:१०

सर्किट भाऊ, पुस्तकात ठीक आहे, पण मांडवात आर-नाइन कोण बघतो? डेकोरेटरला मी सीआरआय विचारला तर तो मला जेवायला बसवेल. माझ्या अनुभवात शंभरातल्या नव्वद फोटोंची वाट दिव्याच्या दर्जाने नाही, दिव्यांच्या खिचडीने लागते. एकाच जातीचा स्वस्त दिवा मला चालतो, तीन जातींचे महाग दिवे नको.

सर्किट | मंगळवार, सकाळी ८:४०

नव्वद टक्के मान्य. उरलेल्या दहात नवरीचा लाल शालू असतो.

मांडवदारी | मंगळवार, सकाळी ८:४४

😀 घ्या, जिंकलात.

चिंचगूळ | मंगळवार, सकाळी ११:३०

फ्लॅशवर पिवळा कागद लावतात ते काय असतं? शाळेच्या स्नेहसंमेलनात फोकसला जिलेटीन पेपर लावायचो तसं? तोच लावला तर?

मांडवदारी | मंगळवार, दुपारी १२:१५

कल्पना तीच, कागद वेगळा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० चा, हॉलमधले दिवे ३२०० चे. फ्लॅश तसाच मारला की चेहरा निळसर-पांढरा आणि मागचा हॉल गडद पिवळा. म्हणून फ्लॅशवर केशरी जेल लावून त्याला हॉलच्या गोत्रात दत्तक घ्यायचं. या जेलला सीटीओ म्हणतात, त्यात पूर्ण, अर्धं, पाव असे प्रकार. स्टेशनरीच्या दुकानातला जिलेटीन पेपर दिसायला तसाच, पण तो किती पिवळा करेल याचा भरवसा नाही, एका तावासारखा दुसरा नसतो. शिवाय फ्लॅशच्या उष्णतेने आकसतो. स्नेहसंमेलनात राक्षसाची एंट्री लाल करायला ठीक.

आणखी एक. फ्लॅश छताला किंवा भिंतीला आपटून वापरत असाल तर भिंतीचा रंग बघा. पिस्ता रंगाच्या भिंतीवरून आलेला उजेड पिस्ताच असतो. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली, किंवा पावसाळ्यात निळ्या ताडपत्रीखाली तर फ्लॅशही लागत नाही, कापडच चेहरे रंगवतं. ताडपत्रीखालचा हळदीचा कार्यक्रम मी एकदा केलाय. हळद हिरवी आली होती.

सर्किट | मंगळवार, दुपारी १:०५

चिंचगूळ, कोणतं जेल लावायचं याचं गणित सोपं आहे, पण ते केल्विनमध्ये करू नका. केल्विनच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. २७०० वरून ३२०० वर गेलात तर डोळ्याला ठळक फरक दिसतो, ६००० वरून ६५०० वर गेलात तर जेमतेम. दोन्हीकडे फरक ५०० च. म्हणून मायर्ड वापरतात: दहा लाखाला केल्विनने भागायचं.

पहिल्या उडीत ३७० चे ३१२ झाले, म्हणजे ५८ मायर्ड. दुसरीत १६७ चे १५४, फक्त १३.

आता फ्लॅश ५५००, म्हणजे १८२ मायर्ड. ली कंपनीचं २०४ नंबरचं पूर्ण सीटीओ १५९ मायर्ड वाढवतं. बेरीज ३४१, उलटं केलं की साधारण २९३० केल्विन. घरच्या पिवळ्या बल्बशी जवळपास जुळलं. अर्धं सीटीओ, नंबर २०५, १०९ वाढवतं. बेरीज २९१, म्हणजे ३४४० च्या आसपास. ३२०० च्या हॅलोजनला मी हेच लावेन, चेहरा मागच्यापेक्षा किंचित पांढरा राहिलेला बरा दिसतो.

लोकल_८_०४ | मंगळवार, सायंकाळी ६:५०

मी माघार घेतो. पण एक शंका: रॉ मध्ये नंतर सगळं बदलता येतं, तर कॅमेऱ्यावर काय लावलंय याने काय फरक पडतो?

मांडवदारी | मंगळवार, रात्री १०:३०

फाइलला फरक पडत नाही, तुम्हाला पडतो. मागच्या स्क्रीनवर दिसतो तो फोटो आणि हिस्टोग्राम (फोटोत गडद किती, उजळ किती ते दाखवणारा आलेख) कॅमेऱ्याने केलेल्या जेपेगवरून, म्हणजे तयार फोटोवरून येतो. व्हाइट बॅलन्स चुकीचा असेल तर हिस्टोग्राम खोटं बोलतो. हॅलोजनखाली लाल चॅनल आधी फुटतो, निळा उपाशी राहतो. नंतर रॉ मध्ये निळ्याला भरमसाट गुणलं की सावल्यांत निळे दाणे दिसतात. म्हणून पिवळ्या उजेडात मी लाल चॅनलवर डोळा ठेवून एक्सपोजर लावतो.

आणि ऑटो नको. एका जागी उभे आहात तोवर आकडा ठोकून ठेवा, ४५०० म्हणा. चुकला तरी साडेतीनशे फोटो एकसारखे चुकतील, आणि एका फोटोची दुरुस्ती सगळ्यांना चिकटवता येईल. ऑटोवर प्रत्येक फोटो स्वतःच्या मनाने चुकतो. ऑटोच वापरायचा तर निदान कोणता ते बघा: कॅननमध्ये वातावरण राखणारा आणि पांढरं राखणारा असे दोन असतात, निकॉनमध्येही पांढरं राखा, ऊब राखा असे प्रकार आहेत.

खडूफळा | बुधवार, सकाळी ६:४५

मी चित्रकला शिकवतो, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही. पण धाग्यात सगळेजण पांढरं पांढरं ठेवायच्या मागे लागलेत म्हणून लिहितो.

संध्याकाळी दिवेलागणीला रस्त्यावर उभे राहून आपल्याच घराच्या खिडकीकडे बघा. खिडकी केशरी दिसते. आत जा, पाच-दहा मिनिटं बसा. त्याच बल्बखाली वहीचं पान पांढरं. आता बाहेर बघा, आभाळ निळंजर्द. दिवे तेच, आभाळ तेच, आपल्या डोळ्याने कोणाची बाजू घेतली एवढंच बदललं. डोळा एका वेळी एकाची बाजू घेतो, दुसऱ्याला रंगीत ठेवतो. म्हणून तिरपं_ऊन, चेहरा जागेवर आला आणि खिडकीकडची कड जराशी निळी राहिली, तर ती बघणाऱ्याला खटकणार नाही. मी मुलांना रंगवायला देतो तेव्हा सकाळच्या उन्हातल्या पांढऱ्या कपड्याची सावली निळी-जांभळी करायलाच सांगतो.

उलट निरांजनाची ज्योत कोणी पांढरी केलेली मला बघवत नाही. ती एकोणीसशे का काय केल्विनची असेल, असू दे. तिला तशीच ठेवा.

अंधारखोली | बुधवार, सकाळी ९:१०

खडूफळा सर, दंडवत.

तिरपं_ऊन | रविवार, रात्री १०:१५

उशिरा आले, पण रिकाम्या हाताने नाही.

काल मावशीकडे सत्यनारायण होता. मी तासभर आधी गेले. हॉलमध्ये बाल्कनीचा उजेड, वर ट्यूब, देव्हाऱ्यात पिवळा बल्ब, पूजेपुढे समई. आधी ट्यूब बंद केली. मावशी म्हणाली, "अगं, पूजा अंधारात करायची का?" मग चौरंगच बाल्कनीच्या दाराजवळ सरकवला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. देव्हाऱ्याचा बल्ब राहू दिला, तो लांब होता. ग्रे कार्ड परवाच आणलंय. वहिनीच्या हनुवटीखाली धरून एक फोटो काढला. मावशीने विचारलं, "हे काय, रेशन कार्ड?" कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो फोटो निवडला, रॉ मध्ये आकडा दिसतोय ५९००, टिंट जवळपास शून्य. शटर १/१००. साठ फोटो, एकालाही हात लावावा लागला नाही. गुरुजी तेच होते, यावेळी एकाच धोतरात. समईची ज्योत केशरी, आणि तिच्यासमोरचा पंचामृताचा चांदीचा वाडगा एका अंगाला निळसर, एका अंगाला सोनेरी. तो मुद्दाम तसाच ठेवला.

अंतरपाटाचं सांगते. रॉ उघडून सगळ्या फ्रेमला ४५०० लावलं, म्हणजे स्वस्तिकाजवळचा कपडा पांढरा. मग दोन मास्क. खिडकीकडच्या टोकावर सरकता मास्क ओढून तेवढ्यापुरतं तापमान पिवळ्याकडे नेलं, हॅलोजनच्या टोकावर दुसरा मास्क, निळ्याकडे. पहिल्यांदा दोन्ही टोकं पूर्ण पांढरी केली, तर चादर वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. मग दोन्ही मास्क निम्म्यावर आणले. नवऱ्यामुलाचा फेटा हॅलोजनच्या मास्कमध्ये सापडून गुलाबीचा जांभळा होत होता, तेवढा ब्रशने वगळला. एका फोटोला चाळीस मिनिटं! असे करण्यासारखे साडेतीनशेत सहाच होते, तेवढेच केले.

नवरीचा चेहरा जिथे अर्धा खिडकीत, अर्धा हॅलोजनमध्ये होता, तिथे हॅलोजनच्या बाजूचा गाल बरोबर केला आणि खिडकीची बाजू थोडी थंड ठेवली. खडूफळा सर म्हणाले तसंच, खटकत नाही. जांभळ्या एलईडीजवळचे अकरा फोटो मात्र कशालाच दाद देईनात.

सर्किट | रविवार, रात्री १०:३२

देणारच नाहीत. त्या जांभळ्यात लाल आणि निळा एलईडी पेटलेला असतो, हिरवा बंद. हिरवं आलंच नाही तर त्वचेचा रंग उभा राहणार कशावर? कृष्णधवल करा.

तिरपं_ऊन | रविवार, रात्री १०:४०

तेच केलं, आणि त्यातला करवलीचा एक फोटो सगळ्यांत जास्त आवडलाय घरात.

पैठणीवाली | रविवार, रात्री १०:५५

ट्यूब बंद, कागद कचऱ्यात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये खिडकीचा आकडा ग्रे कार्डवर एकदा बघून ५६०० ठोकला. आठवडाभरात गेलेल्या सात साड्यांपैकी अजून एकही परत नाही. आमसुली साडी पुन्हा टाकलीय, "दिवसाच्या उजेडात बघावी" अशी ओळ खाली लिहून. ढगाळ दिवशी आकडा बदलायचा ना?

सर्किट | रविवार, रात्री ११:०१

हो, प्रत्येक वेळी बसण्याआधी कार्डाचा एक फोटो. तेवढंच.

खवचट_काका | रविवार, रात्री ११:०८

सगळं झालं, वरातीचे फोटो कुठायत?

तिरपं_ऊन | रविवार, रात्री ११:१५

काका, वरातीत डोक्यावरच्या झुंबरांचे पिवळे दिवे, डीजेच्या गाडीवर दर सेकंदाला रंग बदलणारे एलईडी, रस्त्यावरचे पांढरे दिवे आणि मागून येणाऱ्या रिक्षांचे हेडलाइट होते. त्यासाठी वेगळा धागा काढते.